खोलीतली चौथी आणि डोक्यावरचा स्लॅब

ताई,

मी विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात राहते. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. गाव धाराशिव जिल्ह्यात, घरी चार एकर कोरडवाहू. आमची इमारत चार मजली, चारशेच्या वर मुली, आणि खूप जुनी. तिसऱ्या मजल्यावर आमची तिघींची खोली आहे, पण राहतो चौघी. चौथीला आम्ही अक्का म्हणतो. तिचं एम.ए. कधीच झालं, आता एमपीएससी करते. वसतिगृहाच्या भाषेत ती पॅरासाइट. रात्री दोन कॉटच्या मध्ये गादी टाकून झोपते.

श्रावणापासून छत गळतंय. मागच्या आठवड्यात पहाटे स्लॅबचा पोपडा पडला, ताटाएवढा, नेमका अक्काच्या गादीवर. ती तेवढ्यातच अभ्यासिकेत जायला उठली होती म्हणून वाचली. वर गंजलेल्या सळया दिसतात. बाथरूमच्या बटणाला हात लावला की झिणझिण्या येतात. सोलरचं गरम पाणी आमच्या मजल्यावर येत नाही, म्हणून सगळ्या रॉड लावतात. ढेकूण तर आहेतच.

मला तक्रार करायची आहे. बाकीच्या दोघी म्हणतात, तक्रार केलीस की खोली बघायला येतील, अक्का सापडेल, तिला काढतील, आपल्याला दंड होईल आणि पुढच्या वर्षी खोली मिळणार नाही. सिनिअर म्हणतात, आम्ही पण असंच राहिलो, एवढ्याशा फीमध्ये अजून काय पाहिजे? अक्का काहीच बोलत नाही, तिने गादी फक्त दाराकडे सरकवली. घरी सांगितलेलं नाही. बाबा म्हणतील, परत ये. बाहेर खोली घ्यायची ऐपत नाही. मी उगाच घाबरतेय का?

तिसऱ्या मजल्यावरची

*

तिसऱ्या मजल्यावरच्या मुली,

उगाच नाही घाबरत तू. ज्या छतातून सळई दिसते त्या छताखाली झोपायला कुणीही घाबरावं. शहराचं आणि विद्यापीठाचं नाव तू म्हटलीस तसं गाळलं आहे. मी स्वतः काही वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसतं तेही तुला सांगता येईल.

पण आधी ते बटण, कारण त्याला आठवडाभर थांबता येणार नाही. ओल्या हाताला झिणझिण्या येतात याचा अर्थ वीज वायरीतून बाहेर आली आहे आणि भिंतीच्या ओलीतून वाट काढते आहे. आज नुसत्या झिणझिण्या आहेत, उद्या पाय पाण्यात असताना तेवढ्यावर भागेलच असं नाही. बटणावर चिकटपट्टी लावून भागवू नका. वायरमनला बोलावून त्या बाथरूमची लाइन मुख्य बोर्डावरूनच बंद करून घ्या, दाराला मोठ्या अक्षरांत कागद लावा आणि दुरुस्ती होईपर्यंत दुसऱ्या टोकाचं बाथरूम वापरा. वायरमन आला की त्याला विचार, मजल्याच्या बोर्डावर आरसीसीबी आहे का आणि अर्थिंग शेवटचं कधी तपासलं. वीज गळायला लागली की क्षणात पुरवठा तोडणारं हे उपकरण जुन्या इमारतींत बहुधा नसतं. ३० मिलिअँपिअरचं बसवून द्या, असं अर्जात नेमकं लिहा.

रॉडचंही याच दमात सांगते. साधा रॉड १५०० वॅटचा असतो. २३० व्होल्टवर तो साडेसहा अँपिअर वीज ओढतो. तुमच्या कॉटजवळचा सॉकेट ५ किंवा फार तर ६ अँपिअरचा. भिंतीतली वायर टाकली तेव्हा खोलीत एक ट्यूब आणि एक पंखा एवढाच हिशेब होता. आता तिच्यावर चार मोबाइल, तीन लॅपटॉप आणि पहाटे एकाच वेळी सगळ्या मजल्याचे रॉड. प्लग हाताला गरम लागतो ना? भिंतीच्या आतली वायरही तशीच तापत असते. थंड पाण्याने अंघोळ कर असं मी म्हणणार नाही, थंडी मलाही कळते. पण गरम पाण्याचा प्रश्न अर्जात घालायचा आणि तोवर रॉड बंद. या बाबतीत मी अजूनही रेक्टरच आहे असं समज.

आता स्लॅब. आजच रात्री त्या जागेखालून सगळं हलवा. दाराकडे सरकवलेली गादीसुद्धा पुरेशी लांब आहे का, वर मान करून बघा. पोपडा पडला त्याच्या आजूबाजूला तपकिरी डाग किंवा सरळ रेषेत गेलेली बारीक चीर दिसत असेल तर तिथेही आत तेच चाललेलं आहे. पाणी झिरपत सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते. ती जागा तो काँक्रीट फोडून करून घेतो. म्हणून पोपडा एकटा पडत नाही, आज इथे पडला की थोड्या दिवसांनी शेजारी. झाडूच्या दांड्याने ठोकून बघायला जाऊ नका. जिथे चीर आहे तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. पंधरा दिवसांनी चीर खुणेच्या पुढे गेली असेल तर तो पुरावा कुणालाही नाकारता येत नाही. फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा पेन धरा, म्हणजे आकार कळतो. पडलेला तुकडा टाकून दिला नसेल तर जपून ठेवा.

हे सगळं तुम्हाला जमेल. अडलं आहे ते अक्कापाशी, आणि तुझ्या पत्राचा खरा प्रश्नही तोच आहे.

तुमच्या मैत्रिणी म्हणतात, अक्काला वाचवायचं म्हणून गप्प बसू. पण पोपडा पडला तो कुणाच्या गादीवर? कॉटवाल्या तिघींपैकी एकीच्याही नाही. तुमच्या गप्प बसण्याची सगळ्यात मोठी किंमत तीच मोजते आहे, आणि तिला कुणी विचारलेलंही नाही. ती बोलत नाही, कारण बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही असं तिला वाटतं. दुसऱ्यांच्या खोलीत राहणारी मुलगी छताबद्दल तक्रार कशी करेल? पाय न वाजवता उशिरा येणं, सगळ्यांच्या आधी अंघोळ उरकणं, आपला डबा शेवटी उघडणं, अशा मुली मी खूप पाहिल्या आहेत. रेक्टरला कळत नाही असं तुम्हाला वाटतं, पण रेक्टरला कळतं. मेसच्या ताटांवरून कळतं, दोरीवरच्या कपड्यांवरून कळतं. बऱ्याच जणी कळूनही डोळेझाक करतात, कारण परीक्षेच्या तोंडावर एखाद्या मुलीला रस्त्यावर काढायचं धाडस होत नाही.

पण त्या डोळेझाकीत एक धोका आहे, तो तुम्ही चौघींनी ऐकायला हवा. रात्रीच्या हजेरीच्या रजिस्टरवर अक्काचं नाव नाही. उद्या आग लागली, इमारत रिकामी करायची वेळ आली, तर खाली अंगणात डोकी मोजली जातात ती रजिस्टरवरून. जिचं नाव नाही तिला शोधायला कुणी वर जात नाही. तिच्या घरचा नंबर ऑफिसात नाही. आजारी पडली तर विद्यापीठाच्या दवाखान्यात तिला नाव सांगता येत नाही. तुम्ही तिला छप्पर दिलंत हे माणुसकीचंच आहे, पण या छपराखाली ती सुरक्षित नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अक्काने बाहेर पडावं, पण पकडली जाऊन नाही, स्वतःच्या पायांनी, आणि तुम्ही तिघींनी तिला हात देऊन. आज रात्रीच तिच्याशी बोल. दोघींना बरोबर घेऊन. वाक्य साधं ठेव: "अक्का, आम्ही छताचा अर्ज देणार आहोत, आणि त्याआधी तुझी सोय करायची आहे. पंधरा दिवसांत काय काय जमेल ते बघू." ती रडेल कदाचित, रागवेलही. रागवली तर ऐकून घे. या शहरात तिला उरलेली एवढीच जागा तू हलवते आहेस, राग येणारच.

सोय म्हणजे काय, तर स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली जिथे जमतात अशा प्रत्येक मोठ्या शहरात कॉट बेसिसवर जागा मिळतात. अभ्यासिकेत तिच्यासारख्याच आणखी दोघी-तिघी नक्की असतील, त्यांनी मिळून एक खोली घेतली तर वाटणीला येणारं भाडं कमी होतं. अडतं ते डिपॉझिटपाशी. तिथे तुम्ही तिघी आणि मजल्यावरच्या ज्यांना तिच्याबद्दल माया आहे त्या मिळून थोडं थोडं काढा. मार्गी लागल्यावर ती परत देईल, आणि नाही देता आलं तरी चालेल असं मनात धरूनच द्या. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांकडून एमपीएससीच्या तयारीसाठी प्रशिक्षण आणि विद्यावेतन मिळतं. तिने आपल्या प्रवर्गाप्रमाणे अर्ज केला आहे का, ते विचार. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांतही कधीकधी शिकणाऱ्या मुलींना घेतात, तिथे जाऊन चौकशी करायला काही लागत नाही. आणि माजी विद्यार्थिनी म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसायची परवानगी मिळते का, हेही बघा. तिला खोलीइतकीच ती बसायची जागा हवी असते.

यातलं काहीच पंधरा दिवसांत जमलं नाही तर? तरीही अर्ज द्यायचा. ही गोष्ट मी मऊ करून सांगू शकत नाही. अक्काला त्या दिवसांत एखाद्या मैत्रिणीकडे पाठव, पण चार मजल्यांवरच्या मुलींचं छत एका गादीसाठी अडवून धरू नका.

अर्ज तुम्ही तिघींनी द्यायचा नाही, मजल्याने द्यायचा. गळती एका खोलीत कधीच नसते. संध्याकाळी प्रत्येक दारावर जा, "तुमच्याकडे कुठे गळतं?" एवढंच विचारा आणि खोली क्रमांकासह लिहून घ्या. मग एका कागदावर वीस-पंचवीस सह्या होतील. पुढच्या वर्षी खोली नाकारायची झाली तर सगळ्या मजल्याला नाकारावी लागेल. ते कुणी करत नाही.

भाषा अशी ठेव: "अमुक तारखेला पहाटे खोली क्रमांक अमुकमध्ये छताचा भाग कोसळला. सळया उघड्या पडल्या आहेत. मजल्यावरील पुढील खोल्यांत गळती आहे. बाथरूममध्ये विजेचा धक्का बसतो. निवासी विद्यार्थिनींच्या जीविताला धोका आहे. तरी धोकादायक खोल्यांतील विद्यार्थिनींची त्याच शुल्कात तातडीने पर्यायी व्यवस्था करावी, विजेची दुरुस्ती करून मजल्याच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे, आमच्या मजल्यावर गरम पाण्याची सोय करावी आणि इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून अहवाल आम्हांस दाखवावा." रंग, खुर्च्या, मेसची डाळ, वायफाय यांतलं एक अक्षरही या अर्जात नको. मेसचा अर्ज वेगळा द्या. एकत्र दिलात तर डाळ सुधारून तक्रार निकाली काढली असा शेरा पडतो.

अर्ज रेक्टरना, प्रत इमारतींची कामं बघणाऱ्या स्थावर विभागाला आणि कुलसचिवांना. आवक-जावकच्या खिडकीवर स्वतः जा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. सिनिअर मुलींपैकी काही म्हणतील, आम्ही पण तक्रार केली होती. त्यांना विचार, पोच आहे का. बहुतेकींनी ऑफिसच्या दारात उभं राहून तोंडी सांगितलेलं असतं. तोंडी तक्रार रेक्टरच्या खोलीतच संपते. रेक्टरच्या हातात पैसे नसतात, तिला स्थावर विभागाकडे भांडायला कागद लागतो. माझ्याकडे मुली सह्यांचा अर्ज घेऊन आल्या की मला राग यायचा नाही, सुटल्यासारखं वाटायचं. तुमच्या मॅडम कशा आहेत ते तू लिहिलेलं नाहीस, पण त्यांना शत्रू धरून सुरुवात करू नकोस.

महापालिका कायद्यात ३० वर्षांहून जुन्या इमारतीची स्थिरता नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासून घेण्याची तरतूद आहे. तुमची इमारत त्यात बसत असणार. हीच तपासणी म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट. ते कधी झालं हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. फक्त तीन गोष्टी माग: इमारत कोणत्या साली पूर्ण झाली, शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं त्याच्या अहवालाची प्रत, आणि गेल्या तीन वर्षांत या इमारतीच्या दुरुस्तीवर झालेला खर्च.

सह्यांच्या अर्जाला उत्तरच आलं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात ती असायलाच हवी, आणि तक्रार मिळाल्यापासून शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो. तिथेही समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं. लोकपालाचं नाव विद्यापीठाच्या संकेतस्थळावर द्यावं लागतं, शोधून ठेव. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: विद्यापीठाचा अर्थसंकल्प मार्चमध्ये अधिसभेपुढे येतो. मोठ्या दुरुस्तीचा अंदाज त्याआधी तयार व्हावा लागतो. आत्ता अर्ज गेला तर यंदाच्या हिशेबात बसेल, फेब्रुवारीत गेला तर "पुढच्या वर्षी बघू".

एक भीती मात्र खरी आहे. ऑडिटमध्ये इमारत कोणत्या वर्गात निघेल हे आधी कुणी सांगू शकत नाही. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ निघाली तर चारशे मुलींचा प्रश्न उभा राहील. म्हणूनच "त्याच शुल्कात पर्यायी व्यवस्था" हे शब्द पहिल्या अर्जापासून हवेत, नंतर घालायला जाऊ नका. तेवढ्यावरही बाहेर राहायची वेळ आलीच तर सरकारच्या योजना माहीत असू देत: अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम, इतर मागास आणि विमुक्त-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. स्वाधारमध्ये मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस, पण मजल्यावर कुणाच्या तरी उपयोगाला येईल.

तुझ्या सिनिअर मुलींचं "एवढ्याशा फीमध्ये" हे वाक्य मला फार लागलं. त्यांच्यावर राग नाही, त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलेलं असणार. आपल्या महाराष्ट्रात वसतिगृह हा शिक्षणाला जोडलेला दागिना कधीच नव्हता. राजर्षी शाहूंनी १९०१ साली कोल्हापुरात बोर्डिंग काढलं, मग एकामागून एक अनेक समाजांसाठी काढली, कारण खेड्यातल्या पोराला शाळेची फी माफ केली तरी रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर तो परत जातो, हे त्यांना कळलेलं होतं. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवून वसतिगृह चालवलं, आणि ते चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. फी कमी ठेवली ती चार एकर कोरडवाहूतल्या बाबांची मुलगी एम.एस्सी.पर्यंत पोचावी म्हणून. त्या कमी फीच्या बदल्यात पडकं छत सोसायचं, असा करार कुणी केलेला नाही.

आणि म्हणूनच, तू परत जावंस असं मला अजिबात वाटत नाही. चारशे मुलींच्या इमारतीत काय मिळतं हे तुलाही आतापर्यंत कळलं असेल. रात्री अकराला गणितात अडलं तर चार दारं वाजवायला असतात. ताप आला तर कुणीतरी मेसमधून भात आणून देतं. नेट-सेटचे फॉर्म कसे भरायचे, कोणत्या सरांकडे पीएच.डी. करायची नाही, हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं, ते कॉरिडॉरमध्ये मिळतं. एकटीच्या भाड्याच्या खोलीत हे काही नाही.

बाबांना मात्र सांग. लपवलेली गोष्ट गावातल्या दुसऱ्या कुणाच्या मुलीकडून त्यांच्या कानावर गेली तर ते पुढचं काही ऐकणार नाहीत. सांगायची वेळ निवड, अर्जाची पोच हातात आल्यानंतरची. "बाबा, छताचा तुकडा पडला, कुणाला लागलं नाही. आम्ही पंचवीस जणींनी अर्ज दिलाय, हा क्रमांक आहे, मी आता त्याच्याखाली झोपत नाही." घाबरलेल्या मुलीला वडील परत बोलावतात. काय करायचं ते करून मोकळी झालेल्या मुलीला, थोडं रागावून का होईना, राहू देतात. आईला आधी सांगितलंस तर काम आणखी सोपं होईल.

ढेकणांचं राहिलं. एकट्या खोलीत फवारणी करू नका, ते भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातात आणि दोन आठवड्यांनी परत येतात. पूर्ण मजल्याची एकाच दिवशी करायची, आणि अंड्यांतून निघालेल्यांसाठी साधारण पंधरा दिवसांनी पुन्हा. कपडे, चादरी कडक गरम पाण्यातून काढायच्या. कॉटचे सांधे आणि भिंतीवरच्या खिळ्यांची भोकं बघायची, त्यांचा मुक्काम तिथेच असतो. अक्का नव्या खोलीत जाईल तेव्हा तिची गादी बरोबर पाठवू नका, नवी घ्या. डिपॉझिटच्या वर्गणीतच तिचे पैसे धरा.

तुझी,
ताई